कात्रण, निकाल, ग्रंथ, कायदा : टिळकांवरील खटले आणि इंग्रजांची वृत्तपत्रे (१८९७–१९१९)

१/
लोकमान्य टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात चाललेले राजद्रोहाचे खटले आपण शालेय पुस्तकांतून शिकलेलो असतो. आरोपी, न्यायमूर्ती, शिक्षा आणि मंडाले एवढा तपशील तेथे येतो. त्या खटल्यांत आणखी एक पक्ष होता. तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा नव्हता आणि साक्षीदारांच्या यादीतही नव्हता. मुंबई, अलाहाबाद, कलकत्ता आणि लंडन येथून निघणारी इंग्रजांची वृत्तपत्रे हा तो पक्ष. आजचा धागा त्याच्याविषयी.

२/
मित्रहो, या धाग्यात एकच गोष्ट दाखवायची आहे. १८९७ साली वर्तमानपत्राच्या स्तंभातून मांडला गेलेला एक तर्क पुढे न्यायालयात, मग एका गाजलेल्या ग्रंथात, मग सरकारी समितीच्या अहवालात आणि अखेरीस कायद्यात कसा उतरला, याचा हा मागोवा आहे. हा प्रवास बावीस वर्षांचा आहे आणि त्याचे शेवटचे टोक १९१९च्या वसंतात पंजाबपर्यंत जाते.

३/
प्रथम एक शब्द. त्या काळी ‘अँग्लो-इंडियन’ म्हणजे हिंदुस्थानात राहणारे इंग्रज. मुंबईचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’, अलाहाबादचे ‘पायोनियर’, कलकत्त्याचे ‘इंग्लिशमन’ आणि लाहोरचे ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’ ही त्यांची प्रमुख पत्रे. अधिकारी, व्यापारी आणि लष्करी अंमलदार हा त्यांचा मुख्य वाचकवर्ग. सुव्यवस्था आधी, सुधारणा सावकाश आणि चळवळीस थारा नाही, अशी त्यांची साधारण वृत्ती होती. आजच्या भाषेत त्यांना साम्राज्यनिष्ठ रूढिवादी पत्रे म्हणता येईल.

४/
आता १८९७. मुंबई इलाख्यात दुष्काळ, त्यावर प्लेग. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आले. घरझडतीसाठी गोरे सोजीर लावण्यात आले. देवघरात शिरणे, सामान जाळणे, स्त्रियांची उघड्यावर तपासणी करणे अशा तक्रारींनी शहर त्रासून गेले. टिळकांनी पुणे सोडले नाही. हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि ‘केसरी’तून कमिटीच्या कारभारावर कडक टीकाही केली.

५/
जूनच्या मध्यास पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. अफजलखानाच्या वधावर व्याख्यान झाले, अध्यक्षस्थानी टिळक होते आणि त्यांनी गीतेचा आधार घेऊन त्या कृत्याचे समर्थन केले. १५ जूनच्या ‘केसरी’त उत्सवाचा वृत्तांत आला, तसेच ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविताही. महाराजांनी आजची देशस्थिती पाहून खेद व्यक्त करावा, अशी तिची कल्पना होती.

६/
२२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नर हाऊसमधून, राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैस मरण पावला. म्हणजे १५ तारखेस लेख आणि २२ तारखेस गोळ्या. मध्ये अवघे सात दिवस.

७/
याच सुमारास ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘जस्टिस’ या टोपणनावाने पत्र प्रसिद्ध झाले. ‘केसरी’तील मजकुराचे इंग्रजी उतारे देऊन त्यात राजद्रोहाकडे बोट दाखवले होते. पत्रलेखकाचे नाव नाही आणि मूळ मराठी मजकूरही नाही. मुंबईतील इंग्रज वाचकाला ‘केसरी’ कळला तो या उताऱ्यांतून. पुढे ज्यूरीत बसणारे गृहस्थही याच वाचकवर्गातले होते, हे ध्यानात ठेवा.

८/
येथे आपल्या तर्काची पहिली खूण दिसते : क्रमाला कारण मानणे. लेख आधी, खून नंतर. म्हणून लेखामुळे खून. या तर्काला तत्कालीन इंग्रज वाचकाच्या दृष्टीने बळ नव्हते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन अधिकारी मारले गेले होते आणि आठवड्यापूर्वीच वधाचे समर्थन छापून आले होते. कोणत्याही संपादकाने प्रश्न विचारला असता. पण प्रश्न विचारणे आणि उत्तर गृहीत धरणे यांत अंतर आहे, आणि त्या उन्हाळ्यात ते अंतर पुसले गेले.

९/
टिळकांनीही माघार घेतली नाही. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ६ जुलैचा अग्रलेख आणि त्यानंतरच्या आठवड्यातील ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’ हा लेख मराठी वाचकाला आजही मथळ्यानिशी ठाऊक असतो. खुनानंतर साऱ्या पुण्यावर शिक्षेदाखल पोलिस बसवण्यास त्यांचा विरोध होता. २७ जुलैस त्यांना मुंबईत अटक झाली. त्याच दिवसांत नातू बंधूंना १८२७च्या रेग्युलेशनखाली, कोणताही खटला न चालवता स्थानबद्ध करण्यात आले.

१०/
आधी नाकारलेला जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी मंजूर केला. टिळकांच्या बाजूने जामिनासाठी बोलणाऱ्या बॅरिस्टरचे नाव दिनशा दावर. हे नाव लक्षात असू द्या. बचावासाठी बंगालमधून पैसा आला आणि कलकत्त्याचे बॅरिस्टर प्यू आले. एका मराठी संपादकासाठी बंगालने वर्गणी काढली, ही त्या काळच्या मानाने मोठीच घटना होती.

११/
सप्टेंबरात न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरी नऊ जणांची, त्यांत सहा युरोपीय आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. मतविभागणीची रेषा कोठून गेली, हे सांगावयास नको. शिक्षा अठरा महिन्यांची सक्तमजुरी. ज्या मराठी शब्दांवर माणूस तुरुंगात गेला ते शब्द बहुमतातील ज्यूरांना मुळातून वाचता येत नव्हते.

१२/
कायद्याचा मुद्दा याहून महत्त्वाचा. दंडसंहितेच्या १२४-अ कलमात ‘डिसअफेक्शन’ असा शब्द आहे. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. असे म्हटले की राजद्रोहाची कक्षा किती पसरते पाहा : सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! पुढच्याच वर्षी कलमात दुरुस्ती करून द्वेष व तुच्छता हे शब्दही घालण्यात आले आणि १५३-अ हे नवे कलम जोडण्यात आले.

१३/
प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागण्यात आली. टिळकांच्या वतीने तेथे उभे राहिले हर्बर्ट अॅस्क्विथ. परवानगी नाकारली गेली. अकरा वर्षांनी टिळकांना दुसऱ्यांदा शिक्षा झाली तेव्हा हेच अॅस्क्विथ ब्रिटनचे पंतप्रधान होते. इतिहासात योगायोगांना अर्थ चिकटवू नये हे खरे. पण हा योगायोग विसरण्याजोगाही नाही.

१४/
आता एक गोष्ट नीट पाहा. १८९७ साली टिळकांवर खुनाचा किंवा खुनाच्या कटाचा आरोप कधीही ठेवला गेला नाही. न्यायालयापुढे प्रश्न होता तो अप्रीतीचा. तरीही सुटकेनंतर लंडनच्या ‘ग्लोब’ पत्राने त्यांना खुनांच्या मोहिमेशी जोडले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने तो मजकूर पुन्हा छापला. टिळकांनी अब्रुनुकसानीची कारवाई सुरू करताच माफी मागण्यात आली. सरकारने जो आरोप करण्याचे टाळले तो वृत्तपत्रांनी केला आणि सिद्ध करण्याची वेळ येताच मागे घेतला.

१५/
मग चापेकरांचे काय? रँडच्या वधाबद्दल दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. येरवड्याच्या तुरुंगात टिळकांनी त्यांना अर्ज लिहिण्यास साह्य केले आणि गीतेची प्रत दिली. दुसरीकडे, दामोदरपंतांच्या आत्मवृत्तात टिळकांविषयी शिष्यभाव आढळत नाही. टिळक त्यांना पुरेसे सनातनी वाटत नव्हते. म्हणजे सहानुभूती होती, एक वातावरणही होते. पण गुरूने सांगितले आणि शिष्याने केले हे चित्र या कागदपत्रांत बसत नाही.

१६/
तर्काची दुसरी खूण : व्यक्तीऐवजी जात. चापेकर चित्पावन, टिळक चित्पावन, पेशवे चित्पावन. म्हणून हा गमावलेले राज्य परत मिळवण्याचा चित्पावनांचा कट. ही मांडणी अँग्लो-इंडियन पत्रांना फार सोयीची होती, कारण तिच्यामुळे प्लेगच्या कारभाराविषयी बोलण्याची गरजच उरत नसे. पण रानडे चित्पावन होते, गोखलेही चित्पावन होते, आणि टिळकांचे राजकारण या दोघांशी झगडण्यात कसे गेले हे महाराष्ट्र जाणतो.

१७/
आपल्या बाजूचे माप मात्र हलके धरू नये. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी जो मजकूर छापला त्याला आधार असलेली पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. हेतू छत्रपतींच्या कळवळ्याचा होता. पुरावा खोटा होता. पक्षपाती पत्रकारिता ही केवळ गोऱ्यांची मिरास नव्हती.

१८/
१८९७मध्येही असेच घडले. लंडनमध्ये असताना गोखल्यांनी पुण्यातील सोजिरांच्या अत्याचारांची हकीकत ‘मँचेस्टर गार्डियन’ला दिली. ती त्यांना मित्रांच्या पत्रांतून कळली होती. स्वदेशी परतल्यावर पुरावा उभा राहीना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यासाठी त्यांना इंग्रजांची कुचेष्टा आणि स्वकीयांचा रोष दोन्ही सोसावे लागले. पुराव्याची कसोटी त्यांनी स्वतःला लावली, हे मात्र त्यांच्या खात्यावर मोठ्या अक्षरांत जमा आहे.

१९/
आता १९०८. ३० एप्रिल रोजी मुजफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बाँब टाकला. लक्ष्य होते न्यायाधीश किंग्जफर्ड. मरण पावल्या केनेडी घराण्यातील मायलेकी, ज्यांचा या साऱ्याशी काही संबंध नव्हता. इंग्रज समाज हादरला आणि ते स्वाभाविकच होते. सरकारने ८ जून रोजी एकाच दिवशी दोन कायदे केले : एक स्फोटक पदार्थांचा, दुसरा वृत्तपत्रांचा.

२०/
‘केसरी’चे दोन लेख खटल्याचा विषय झाले. १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. त्यांचा आशय थोडक्यात असा : बाँब निंद्य आहे, पण तो आकाशातून पडत नाही, दडपशाहीने लोकांचा संयम सुटतो आणि आणखी दडपशाही हा त्यावरचा उपाय नव्हे. सरकारपक्षाला यात बाँबचे समर्थन दिसले. मुळातून वाचताना निषेध आणि इशारा दोन्ही दिसतात. कशावर भर पडतो हे वाचकाच्या भूमिकेवर ठरते, आणि हाच त्या खटल्याचा गाभा होता.

२१/
त्याच आठवड्यांत ‘पायोनियर’ने काय सुचवले? दहशतवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांना सरसकट पकडावे आणि पुन्हा हत्या झाल्यास एका जिवामागे त्यांतले दहा जण गोळीने मारावेत. खटला नाही, पुरावा नाही, सरळ सूड. हे मतप्रदर्शन ठरले. बाँब का निपजतो याची मीमांसा मराठीत झाली तेव्हा ती राजद्रोह ठरली. टिळकांनी न्यायालयात अँग्लो-इंडियन पत्रांची कित्येक कात्रणे दाखल केली ती याच कारणाने : वाद दोन्ही बाजूंनी चालला होता, आणि आपण त्यात उत्तर देणारे होतो, हे त्यांना दाखवायचे होते.

२२/
२४ जूनला मुंबईच्या सरदारगृहात अटक. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्या खटल्यात साह्य करण्यासाठी टिळक मुंबईस आलेले होते. जामिनाचा अर्ज बॅरिस्टर महमद अली जिना यांनी केला आणि न्यायमूर्तींनी तो नाकारला. न्यायमूर्तींचे नाव दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी याच आरोपीच्या जामिनासाठी युक्तिवाद करणारे तेच दावर.

२३/
१३ जुलैस सुनावणी सुरू झाली. विशेष ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि ते एकवीस तासांहून अधिक बोलले. त्यातील मोठा भाग भाषांतरावर होता. सरकारी भाषांतरकाराला त्यांनी शब्दाशब्दावर तपासले. नव्या इंग्रजी राजकीय कल्पनांसाठी मराठीत शब्द अजून घडत आहेत. ते शब्द पुन्हा इंग्रजीत नेताना मूळचा अर्थ बिघडतो आणि त्या बिघडलेल्या अर्थावर तुम्ही मला दोषी धरता, असा त्यांचा मुद्दा होता.

२४/
आणखी एक पुरावा गाजला : घरझडतीत मिळालेले एक कार्ड. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. स्फोटकांच्या नव्या कायद्यातील व्याख्या किती व्यापक आहे यावर टीका करायची होती, त्यासाठी ती नोंद केली, असा टिळकांचा खुलासा. संपादकाच्या टेबलावर असे टिपण सापडणे नवलाचे नाही. पण बाँबच्या बातम्यांनी भरलेली पत्रे रोज वाचणाऱ्या ज्यूराला त्या कार्डात काय दिसले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

२५/
२२ जुलै, रात्र. दावर यांनी त्याच दिवशी काम संपवायचे ठरवले होते. ज्यूरीचा निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंड. त्याआधी आरोपीने काढलेले उद्गार आज त्या दालनाबाहेरच्या शिळेवर कोरलेले आहेत. टिळकांना त्याच रात्री खास गाडीने अहमदाबादेकडे नेण्यात आले. भारतमंत्री मोर्ले यांनी पुढे गव्हर्नर क्लार्क यांना कळवले की आपला सल्ला विचारला असता तर आपण या माणसाच्या वाटेस न जाण्याचेच सुचवले असते.

२६/
दुसऱ्या दिवसापासून मुंबई थांबली. गिरण्या बंद, मूळजी जेठा मार्केट बंद. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवसांचा हरताळ. रस्त्यांवर दगडफेक झाली, लष्कर आले, गोळीबार झाला आणि कामगार मेले. त्याच उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या लेनिनने जागतिक राजकारणावरील आपल्या लेखात या हरतालाची दखल घेतली.

२७/
येथे तर्काची तिसरी खूण दिसते : जमावाला बाहुले मानणे. पोलिस आणि अँग्लो-इंडियन पत्रे यांचा सूर एकच होता. गिरणीकामगार अडाणी आहे, राजद्रोह म्हणजे काय हे त्याला कळत नाही, तो चिथावणीने बाहेर पडला. चिथावणी देणारे, मुकादमांना हाताशी धरणारे कोणीच नव्हते असे नाही. पण विजेचे दिवे आल्यापासून गिरण्यांतील कामाचे तास लांबत गेले होते आणि १९०५ सालीच त्यावरून कामगारांनी संप व दंगे केले होते. ज्याला संप कसा करावा हे माहीत होते त्याला बाहुले म्हणणे सोपे होते, खरे नव्हते.

२८/
उलट बाजूनेही सावध राहावे. हा हरताळ म्हणजे सर्व कामगारांची पूर्ण राजकीय जागृती होती, असे आपण सभांत ऐकतो. तेही चित्र सपाट आहे. टिळकांविषयीचा आदर, मालकांविषयीचा राग, शेजारपाजारचे दडपण, मुकादमाचा शब्द, गोळीबाराने पेटलेला संताप हे सारे त्या सहा दिवसांत मिसळले होते. जमावात शिरून पाहिले की हेतू अनेक दिसतात. दुरून पाहणाऱ्याला एकच दिसतो, आणि तो सहसा त्याच्या सोयीचा असतो.

२९/
टिळक मंडालेत असताना, म्हणजे उत्तर देणे अशक्य असताना, १९१० साली लंडन ‘टाइम्स’चे सर व्हॅलेंटाइन चिरोल यांची लेखमाला आणि तिच्यावर आधारलेला ‘इंडियन अनरेस्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘हिंदी असंतोषाचे जनक’ हे बिरुद त्यातून आले. आपण आज ते अभिमानाने मिरवतो. लिहिणाऱ्याने ते आरोपपत्राचे शीर्षक म्हणून लिहिले होते.

३०/
चिरोलच्या ग्रंथात तिन्ही खुणा एकत्र येतात. उत्सव, तालीम, गोरक्षण, लेख, खून : एक ओळ. ब्राह्मणी प्रतिगामित्व : एक कारण. बाकी समाज : फसलेला. नाशिकच्या जॅक्सनच्या खुनाची सावलीसुद्धा टिळकांवर पाडली गेली. तो खून डिसेंबर १९०९चा, आणि तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते.

३१/
या ग्रंथाचे बळ कशात होते हे मात्र समजून घ्या. त्यातील बरीच तथ्ये खरी होती. टिळकांनी १८९१च्या संमतिवयाच्या विधेयकास विरोध केलाच होता. सामाजिक प्रश्नांत ते रूढीच्या बाजूस उभे राहिले, ही टीका सत्यशोधकांनी आणि आगरकरांनीही केली होती; तिला तिची स्वतःची न्याय्य कारणे होती. चिरोलने ती खरी तथ्ये घेतली आणि त्यांतून न निघणारा निष्कर्ष काढला : म्हणून राजकीय मागणीही खोटी आणि म्हणून खूनही याचेच. सर्वांत टिकाऊ पूर्वग्रह अशा खऱ्या तथ्यांच्या पायावर उभा राहतो.

३२/
टिळकांनी लंडनमध्ये दावा लावला. जानेवारी १९१९च्या अखेरीस न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. टिळकांचे वकील सर जॉन सायमन. चिरोलचे वकील सर एडवर्ड कार्सन, अल्स्टरच्या युनियनिस्टांचे नेते. मुंबई सरकारने चिरोलला कागदपत्रे पुरवली. कार्सन यांचा उलटतपास साधा होता : आपल्याला राजद्रोहाबद्दल दोनदा शिक्षा झाली ना? म्हणजे ज्या निकालांना वृत्तपत्रांच्या वातावरणाने हातभार लावला, तेच निकाल आता वृत्तपत्रकाराच्या बचावाचा पुरावा झाले. २१ फेब्रुवारीस टिळक हरले आणि खर्चाचा प्रचंड बोजा पडला. तो महाराष्ट्राने वर्गणीतून उचलला.

३३/
इकडे हिंदुस्थानात काय चालले होते? न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीचा अहवाल १९१८ साली आला होता. त्याचे पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्याचे आहे आणि ते गणपती उत्सव, शिवाजी उत्सव, चित्पावन, रँडचा खून या क्रमाने उलगडते. ‘जस्टिस’च्या पत्रापासून चालत आलेली ओळ आता सरकारी शाईने लिहिली गेली. ६ फेब्रुवारी १९१९ रोजी, लंडनमध्ये टिळकांचा दावा चालू असतानाच, रौलट विधेयके दिल्लीत मांडली गेली. मार्चमध्ये कायदा झाला : चौकशीविना स्थानबद्धता आणि ज्यूरीविना खटले. १३ एप्रिलला जालियनवाला बाग.

३४/
या मधल्या काळात असे घडणे अटळ होते काय? नाही. १९१६ साली बेळगाव व नगरच्या भाषणांवरून टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागण्यात आले. जिनांनी उच्च न्यायालयात बाजू मांडली. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी भाषणे तुकड्यांऐवजी समग्र वाचली आणि हुकूम रद्द केला. बॅचलर इंग्रजच होते, सरकार तेच होते, कलमही तेच होते. पूर्ण मजकूर वाचण्याची तयारी एवढाच फरक होता.

३५/
म्हणून जुना राजकीय खटला अभ्यासताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत. एक : दोन घटनांचा क्रम दाखवला आहे की त्यांतला संबंध? दोन : व्यक्तीच्या कृत्याबद्दल बोलणे चालू आहे की तिच्या जातीबद्दल? तीन : आंदोलकाला स्वतःचे कारण असू शकते हे लिहिणाऱ्याला मान्य आहे काय? हे प्रश्न ‘टाइम्स’ला विचारावेत, ‘केसरी’लाही विचारावेत, आणि आपल्याला प्रिय असलेल्या पत्राला सर्वांत आधी विचारावेत.

३६/
१९०८च्या खटल्याचा शब्दशः इंग्रजी वृत्तांत न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. शिक्षा रोखता आली नाही, तरी आरोपी नेमके काय बोलला हे कात्रणांच्या हवाली सोडायचे नाही, हे त्या मंडळींना उमगले होते. शंभराहून अधिक वर्षांनी आपण दावर, ब्रॅन्सन आणि टिळक यांचे शब्द समोरासमोर ठेवून वाचू शकतो ते त्या निर्णयामुळे. धागा येथे संपवतो. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी आधी तो वृत्तांत वाचावा आणि मगच त्यावर लिहिलेले काहीही, या धाग्यासह.